वडिलांच्या पायाची जखम: चप्पल सोबत न्या
मधुमेहामुळे वडिलांच्या तळपायाची जखम भरेना, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात पहिल्यांदा दाखवायचंय, तर सोबत काय न्यायचं, असं विचारलंत. फाइल आणि एचबीए१सीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट तर हवाच. पण रोजची चप्पलही नक्की न्या. कोल्हापुरी असो की रबरी, ती कुठं घासते, कुठं दाब पडतो, हे डॉक्टरांना बघू दे. दाब तसाच राहिला तर कितीही चांगलं ड्रेसिंग करा, जखम भरत नाही. गोळ्या पाकिटासकट घ्या. रक्त पातळ करणारी असेल तर आधीच सांगा. जखमेवर हळद, तंबाखू काही लावू नका, कृपा करून! इन्सुलिन चालू असेल तर जेवणाचा डबा जवळ ठेवा, रांगेत जेवणाची वेळ टळते. आणि ताप आला किंवा बोट काळं पडलं, तर ओपीडीच्या दिवसाची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात न्या.