सारसबागेची सहल : पाडव्याची पहाट की थंडीतला रविवार?

चिटणीस (सी-३०१)
सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार. सोसायटीची यंदाची सहल शहराबाहेर न नेता सारसबागेत न्यावी, हे रविवारच्या सभेत ठरले. ती कधी न्यावी यावर मात्र चहा गार झाला तरी एकमत होईना, म्हणून तो प्रश्न येथे मांडत आहे. एक सूचना दिवाळी पाडव्याच्या पहाटेची आहे आणि दुसरी डिसेंबरमधल्या एखाद्या रविवारची. आतापर्यंत बेचाळीस जणांनी नावे दिली असून त्यांत सत्तरीच्या पुढचे नऊ जण आणि दहा वर्षांखालची अकरा मुले आहेत, हे ध्यानात घेऊन मत द्यावे. सुप्रभाताची चित्रे आजचा दिवस कृपया थांबवावीत.

मंदार (बी-७०२)
माझे मत पाडव्याला आहे. महाविद्यालयात असताना आम्ही मित्र दर वर्षी पाडव्याला पहाटे सारसबागेत जात असू, आणि त्या वेळी ती बाग जशी दिसते तशी वर्षभरात पुन्हा कधीच दिसत नाही. अजून उजाडायचे असते, हिरवळीवर आकाशकंदील आणि पणत्यांचा पिवळा उजेड असतो, कोऱ्या कपड्यांची घडीसुद्धा मोडलेली नसते आणि ज्या वर्गमित्राची चार वर्षांत गाठ पडलेली नाही तो नेमका समोरून येतो. दिवाळीची भेट घरोघरी जाऊन घ्यायची म्हटली तर आठ दिवस लागतील. तेथे ती तासाभरात उरकते. सोसायटीने एकत्र जाण्याजोगा याहून चांगला प्रसंग मला तरी सुचत नाही.

सुमनकाकू (ए-२०४)
मंदार, तू लिहिले आहेस ते खोटे नाही, पण ते विशीतल्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. तीन वर्षांपूर्वी मी नातवाला घेऊन त्याच पहाटे गेले होते. गर्दी इतकी होती की आपण चालत नव्हतो, आपल्याला चालवले जात होते, आणि त्या रेट्यात नातवाच्या डाव्या पायातली चप्पल निघाली ती वाकून उचलण्याचीही सोय नव्हती. घरी येईपर्यंत तो एका पायात चप्पल घालून माझ्या कडेवर होता, आणि सहा वर्षांचे मूल कडेवर घेणे म्हणजे काय हे माझ्या कमरेला विचारावे. शिवाय त्या दिवशी अभ्यंगस्नान आहे, औक्षण आहे, फराळाला येणारी माणसे आहेत. पहाटे चारला बंब तापवून बेचाळीस माणसे साडेचारला फाटकाशी उभी राहतील, हे मला आपली सोसायटी ओळखूनही खरे वाटत नाही. वार्षिक सभा अकराची असेल तर आपण पावणेबाराला जमतो.

चिटणीस (सी-३०१)
काकूंच्या मुद्द्याला एक व्यावहारिक जोड देतो. मेट्रो सकाळी सहाला सुरू होते, त्यामुळे पाडव्याच्या पहाटे ती उपयोगाची नाही. तेव्हा वाहने काढावी लागतील आणि ती उभी करण्यासाठी पर्वतीच्या पायथ्यापासून स्वारगेटपर्यंत गल्ल्या धुंडाळाव्या लागतील. एरव्हीच्या दिवशी आपल्याला आनंदनगर स्थानकावरून बसून सिव्हिल कोर्टला गाडी बदलता येते आणि तेथून भुयारी मार्गाचे तिसरे स्थानक स्वारगेटचे आहे. हा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून कोथरूडकरांना सारसबाग खरोखरच जवळ आली आहे. स्वारगेटहून नेहरू स्टेडियमच्या बाजूने चालत गेल्यास ज्येष्ठांच्या गतीनेही फार वेळ लागत नाही. सिव्हिल कोर्टचे भुयारी स्थानक मात्र खूप खोल आहे, तेथे गुडघेदुखी असलेल्यांनी सरकत्या जिन्याच्या नादी न लागता उद्वाहकच वापरावा.

नेहा (सी-५०४)
वेळ कोणतीही ठरो, लहान मुलांना शेजारच्या पेशवे पार्कात न्यायचेच आहे, हे आताच नोंदवून ठेवते. माझ्या मुलीने फुलराणीत बसण्याचा हट्ट धरला आहे. ही छोटी गाडी दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद असते, तेव्हा आदल्या दिवशी कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन विचारून यावे. अकरा मुलांना फाटकापर्यंत नेऊन परत फिरवण्याची जबाबदारी माझ्याने घेववणार नाही.

सी-१०३
त्यापेक्षा पु. ल. देशपांडे उद्यान का नको? ते अधिक स्वच्छ आणि शांत आहे.

नाना (ए-१०२)
ते उद्यान सुंदर आहे यात वाद नाही. जपानमधल्या ओकायामा शहरातील कोराकुएन या जुन्या बागेच्या धर्तीवर ते केलेले आहे, आणि जपानी बाग ही मुकाट्याने पाहण्याची वस्तू असते. आपली अकरा मुले तेथे नेली तर त्यांचे सारे लक्ष बागेकडे नसून रखवालदाराच्या शिट्टीकडे राहील. दोघे-तिघे मिळून जाण्यास ती जागा उत्तम. बेचाळीस जणांनी सारसबागेतच जावे.

आता मूळ प्रश्नाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सभेत माझे बोलणे सांडग्यांच्या ताटलीमुळे अर्धवट राहिले. आपण सारसबागेत जातो, हिरवळीवर बसतो, पायऱ्या चढून गणपतीचे दर्शन घेतो आणि भेळ खाऊन परत येतो. पण आपण बसतो ती हिरवळ एके काळी तळ्याचा तळ होती, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर आंबिल ओढ्याचे पाणी अडवून पर्वतीच्या पायथ्याशी तळे करवले आणि त्याच्या मधोमध एक बेट राखून त्यावर बाग केली, तीच सारसबाग. पुढे १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात त्या बेटावर सिद्धिविनायकाची स्थापना झाली. म्हणून जुनी माणसे आजही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात, जरी तळे केव्हाच गेले आणि देवळाभोवती पाण्याची एक पट्टी तेवढी उरली. हिरवळीवरून देवळाकडे जाताना जो चढ लागतो, तो त्या बेटाचा काठ आहे. नातवंडांना घेऊन हिरवळीच्या मध्यावर उभे राहावे, वर देवळाकडे पाहावे आणि आपल्या डोक्यावरून होडी चालली आहे अशी कल्पना करावी. माझ्या नातीला हे सांगितले तेव्हा तिने नकळत श्वास रोखून धरला होता. पेशवे गुप्त मसलती तळ्यातल्या होडीत करीत आणि मराठी न समजणारे हबशी वल्ही मारायला ठेवीत, अशी आख्यायिका आहे. तेथली गोष्ट काठापर्यंत पोहोचत नसे. आपल्या सोसायटीत अशी होडी असती तर पार्किंगचा प्रश्न केव्हाच सुटला असता.

पेशवे पार्काचेही असेच. १९५३ साली तेथे प्राणिसंग्रहालय सुरू झाले. १९५६ साली फुलराणी आली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि वडिलांनी दोनदा बसवल्यावरही उतरायला तयार नव्हतो. एरंडवण्याहून चालत आलो होतो आणि चालतच परत गेलो, पण पाय दुखल्याचे आठवत नाही. आठवते ती फक्त शिट्टी. पुढे प्राणी कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात गेले, तेव्हा नेहाताईंनी मुलांना वाघ दाखवण्याचे आश्वासन देऊ नये. कात्रजला जायचे असेल तर ती स्वतंत्र सहल करावी आणि बुधवार टाळावा, कारण त्या दिवशी ते बंद असते.

हे सारे पाहायचे, सांगायचे, तर पाडव्याची पहाट कामाची नाही. त्या गर्दीत बेट काय आणि तळे काय, पुढच्याची पाठ तेवढी दिसते. माझे मत डिसेंबरला आहे, आणि त्याला आणखी एक कारण आहे. थंडी पडली की या गणपतीला लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालतात. पारा दहा-अकरा अंशांवर उतरलेला असावा, आपण मफलरीत नाक खुपसून रांगेत उभे असावे आणि गाभाऱ्यातली ती छोटी मूर्ती आपल्याच सारखी कान झाकून बसलेली दिसावी, यात जी आपुलकी वाटते ती मला दुसऱ्या कोणत्याही देवळात वाटलेली नाही. मोठ्या देवस्थानांत देव दागिन्यांत असतो. येथे तो घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखा दिसतो.

सुमनकाकू (ए-२०४)
नाना, स्वेटरचे लिहिलेत ते फार बरे झाले. माझ्या नातवाला ‘बाप्पाला थंडी वाजते का’ हा प्रश्न पडलेलाच आहे. एकच विनंती, होडीची गोष्ट तेथे गेल्यावर सांगावी. आधीच सांगितली तर मुले होडीच मागतील.

मंदार (बी-७०२)
नानांचे म्हणणे मान्य. तळ्याच्या तळाशी बसून इतकी वर्षे भेळ खाल्ली याची मला कल्पना नव्हती. तरी पाडवा अगदीच सोडवत नाही, म्हणून असे सुचवतो की सोसायटीची सहल डिसेंबरमध्येच ठेवावी आणि आम्ही पाच-सहा जण पाडव्याला पहाटे आमच्या दुचाकींवर जाऊन सातच्या आत परत येऊ. औक्षणाला उशीर झाल्यास ज्याचे त्याने पाहावे. परत येताना सोसायटीच्या फाटकावर लावायला आकाशकंदीलही घेऊन येतो. डिसेंबरच्या सहलीत ज्यांना चालवते त्यांना मी आणि बी-२०१ चे काका दर्शनानंतर पर्वतीवर घेऊन जाऊ. एकशे तीन पायऱ्या आहेत. वरून बागेकडे पाहिले म्हणजे तळ्याचा विस्तार केवढा असेल याचा अंदाज येईल.

नेहा (सी-५०४)
पर्वती चढणाऱ्यांची मुले पेशवे पार्कात कोण सांभाळणार, हेही लिहावे.

मंदार (बी-७०२)
मुले वर येतील. ती आपल्या आधी चढतात. आपल्यालाच मध्ये थांबावे लागते.

चिटणीस (सी-३०१)
बहुमत स्पष्ट आहे. सहल डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी ठेवू. सकाळी पावणेसातला फाटकाशी जमून आनंदनगरहून मेट्रो घ्यायची, आधी दर्शन, मग हिरवळीवर नाना सांगतील ते ऐकायचे, त्यानंतर मुले पेशवे पार्कात आणि इच्छुक पर्वतीवर, आणि अकराला सर्वांनी सारसबागेच्या फाटकापाशी परत यायचे. शनिवारी सकाळी मी स्वतः जाऊन फुलराणीची चौकशी करून येथे कळवीन. नाश्ता घरून नेण्याबद्दल सभेत ठरले होते. थालीपीठ, दशम्या, सुकी चटणी असे न सांडणारे पदार्थ घ्यावेत आणि कचऱ्यासाठी प्रत्येक मजल्याने एक पिशवी आणावी. भेळेचा आग्रह असल्यास तो परतताना, प्रत्येकाने आपापल्या खर्चाने पुरवावा.

सुमनकाकू (ए-२०४)
चहाचे काय? सकाळी सातच्या थंडीत बेचाळीस माणसांना चहा लागेल आणि माझ्याकडचा थर्मास बारा कपांचा आहे.

नाना (ए-१०२)
माझ्याकडे दहा कपांचा आहे. झाकण गळते, पण उभा धरला तर गळत नाही. मेट्रोत तो मी मांडीवर धरीन.