मदत हवी आहे: मैदानाचा टर्फ (कृत्रिम गवत) बदलतानाच एअर-डोमचा (हवेच्या दाबावर उभं राहणारं कापडी छत) पाया घालून ठेवावा का?

दक्षिण मिनेसोटातलं डिव्हिजन ३ कॉलेज, अमेरिकन फुटबॉल. कॉलेज खेळांच्या या विभागात खेळावर शिष्यवृत्ती देता येत नाही, त्यामुळे चांगली मुलं सोयी बघूनच येतात, आणि आमच्याकडे ती येत नाहीत.

सिंथेटिक टर्फ १२ वर्षांचा आहे. रबराचे दाणे भरले, ब्रशिंग केलं, तरी जी-मॅक्स चाचणीत (पडल्यावर मैदान किती कडक लागतं ते मोजणारी; आकडा जितका जास्त तितकं कडक) मधला पट्टा १६५ च्या वरच येतो. पाणीही साचतं, खडीचा थर चोंदलाय, नुसता गालिचा बदलून भागणार नाही. उन्हाळ्यात सगळं उकरणार आहोत.

हिवाळी सराव बास्केटबॉल कोर्टवर होतो, तिथे पंट (हातातून सोडलेल्या चेंडूला मारलेली उंच, लांब किक) मारणं अशक्य. पैसे सध्या टर्फ आणि निचऱ्यापुरतेच, डोम तीन-चार वर्षांनी. पक्की इमारत सुचवू नका, परवडणार नाही. भोवतीचा ४०० मीटर ट्रॅक हलवता येत नाही. (२०१० मध्ये बर्फाने फाटलेलं मिनियापोलिसच्या मेट्रोडोम स्टेडियमचं हवेवर उभं छत इथे कुणी विसरलेलं नाही, त्यामुळे बर्फाच्या भाराबद्दल प्रश्न येणारच.)

जमीन गोठते म्हणून पाया इथे ४२ इंच खाली न्यावा लागतो. मग परिघाचा काँक्रीट बीम आणि ब्लोअरची (डोममध्ये हवा भरणारा पंखा) वीज-गॅस लाइन आत्ताच टाकली, तर डोमची कंपनी ठरलेली नसताना अँकरचं (डोमचं कापड बीमला धरून ठेवणारे खिळे) अंतर कशावरून ठरवायचं? आणि निचऱ्याचा मुख्य पाइप बीमच्या आतून न्यावा की बाहेरून?