मदत हवी आहे : दादाचं वजन तीन वर्षांत २२ किलोनं वाढलंय, आधी कशाला हात घालू?

नमस्कार. जरा सविस्तर लिहितेय, कारण "कमी खा, जास्त चाल" हे त्याला सांगून आम्ही सगळेच थकलोय.

दादा ४४ वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वी कायमची रात्रपाळी लागली, तेव्हापासून वजन वाढतंय. थायरॉइड आणि साखर तपासली, दोन्ही ठीक. दिवसा चार-साडेचार तासांच्या वर सलग झोप नाही. पहाटे तीनला सगळे सहकारी मिळून पाकिटातलं काहीतरी खातात, जोडीला गोड पेय. पूर्वी संध्याकाळी मित्रांबरोबर बॅडमिंटन खेळायचा. आता त्या वेळी तो कामाला निघतो.

आणि घरी आमची बोलणी. मला सगळ्यात जास्त हेच खातंय. गेल्या महिन्यात कुणीतरी त्याच्या ताटाकडे बघून बोललं, तो ताट उचलून खोलीत गेला. तेव्हापासून तिथेच जेवतो.

थोडं वाचन केलं. २००४ च्या एका प्रयोगात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. दहा तासांच्या रात्रींच्या तुलनेत रक्तातलं भूक वाढवणारं हार्मोन घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त निघालं, पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी. प्रयोग लहान आहे, पण दादाचे तर असे दिवस तीन वर्षं चाललेत! याला नुसता आळस कसं म्हणायचं?

पाळी बदलून मिळणार नाही. मग आधी झोप की पहाटेचं खाणं? आणि त्याच्याशी बोलायचं कसं?

प्रतिसाद १
तो घोरतो का? झोपेत श्वास अडकतो का? स्लीप अ‍ॅप्निया असेल तर कितीही तास झोपला तरी थकवा जाणार नाही. वजनामुळे तो बळावतो आणि थकलेल्या माणसाचं हिंडणं-फिरणं आणखी कमी होतं. काही औषधांनीही वजन वाढतं, उदाहरणार्थ स्टिरॉइड. तेही विचारून घ्या.

प्रतिसाद २
मी अकरा वर्षं रात्रपाळी केली. पोटभर जेवण पाळीच्या आधी, मध्यरात्रीनंतर घरून नेलेलं हलकं काहीतरी. सोबतचा एक जण तयार झाला तरच ते टिकलं, एकट्यानं डबा उघडायला जड जायचं. खोलीत गडद पडदे, फोन बाहेर. वजनाचा विषय मात्र तुम्ही काढूच नका. टोमण्यांनी माणूस खाणं कमी करत नाही, लपून खायला लागतो.

धागाकर्ती
घोरतो, आणि मध्येच दचकून उठतो. आम्ही ते कधी मनावरच घेतलं नव्हतं. उद्याच डॉक्टरांची वेळ घेते. पडदे या आठवड्यात लावते. आणि आज माझं ताट घेऊन त्याच्या खोलीत जाऊन बसते.