मदत हवी आहे: थायरॉइडच्या गोळीवर ग्रेहाउंड खंगत चाललाय

मेलबर्नचा_मंग्या
गोळी सुरू केल्यापासून बंड्या (आमचा ग्रेहाउंड कुत्रा) नुसता वाळतोय. खाणं दुप्पट केलं तरी अंगाला लागत नाही. रात्रभर धापा टाकत घरभर फिरतो, पाणी सारखं पितो. गोळी अर्धी करू की खाणं वाढवू? 'व्हेटला विचारा' सोडून काहीही सांगा, अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे.

खारी_बिस्कीट
वय? वजन? कुठली गोळी, किती? आम्हाला स्वप्नं पडत नाहीत हो.

पुण्याची_माई
माझ्या सासूबाईंना थायरॉइड आहे. गोळी पहाटे रिकाम्या पोटी, चहा तासाभराने. कोबी पूर्ण बंद. धण्याचं पाणी सुरू केलं नि खूप फरक पडला.

खारी_बिस्कीट
सासूबाई ग्रेहाउंड आहेत का?

मेलबर्नचा_मंग्या
वय ६. रेसिंगमधून रिटायर झालेला. आणला तेव्हा ३१ किलो, मग ३४ झाला, आता २८. लेव्होथायरॉक्सिन ०.६ मिग्रॅ, सकाळ-संध्याकाळ.

औषधवाला_नाना
०.६ म्हणजे ६०० मायक्रोग्रॅम! तेही दोनदा! आमच्या दुकानातून धडधाकट माणूस १०० ची गोळी नेतो. दशांश चिन्ह चुकलंय, आत्ताच्या आत्ता बंद करा.

लीड्सवाली
नाना, दशांश बरोबर आहे. कुत्र्याच्या पोटात हे औषध कमी शोषलं जातं आणि अंगातून लवकर निघून जातं. किलोमागे ०.०२ मिग्रॅ दिवसातून दोनदा हा नेहमीचा हिशोब, ३० किलोला ०.६ च येतात. मला प्रश्न वेगळाच पडलाय. मंग्या, थायरॉइड आहे हे ठरवलं कशावरून?

मेलबर्नचा_मंग्या
रक्त तपासलं की. टी-फोर (थायरॉइडचं हार्मोन) कमी आला. शिवाय मांड्यांच्या मागचे केस गेलेत.

लीड्सवाली
वाटलंच. ग्रेहाउंडचा टी-फोर मुळातच कमी असतो. लॅबच्या कागदावरची मर्यादा सगळ्या जातींच्या कुत्र्यांची असते, त्यामुळे ठणठणीत ग्रेहाउंडच्या पुढेही 'लो' छापून येतं. मांड्यांना टक्कल तर या जातीत सर्रास, त्याचा थायरॉइडशी संबंध असेलच असं नाही. खरा आजार असेल तर टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) सहसा वाढलेला असतो, कोलेस्टेरॉल चढतं, कुत्रा सुस्त पडतो, थंडी सोसत नाही. टीएसएच केली होती का? तेव्हा कुठलं स्टेरॉइड वगैरे चालू होतं का? त्यानेही टी-फोर खाली येतो.

लातूरचा_पाव्हणा
३१ चा ३४ झाला म्हणजे घरचं खाऊन सुटला, त्यात आजार कसला? आमच्याकडं कारवानी जातीची शिकारी कुत्री हायेत. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या म्हंजे जनावर तयारीत. ज्वारीची भाकर अन् दूध द्या.

औषधवाला_नाना
दूध गोळीसोबत नको! कॅल्शियमने गोळी लागू पडत नाही. एवढं तरी माझं ऐका.

लीड्सवाली
हे मान्य. गोळीची वेळ आणि खाण्यातलं अंतर रोज सारखंच ठेवायचं.

शब्दखुळी
मेलबर्नमध्ये तोंडाला जाळी बांधावी लागते ना या कुत्र्यांना? बघवत नाही.

मेलबर्नचा_मंग्या
पाळलेल्या ग्रेहाउंडना व्हिक्टोरियात २०१९ पासून सक्तीची नाही. विषयावर या प्लीज. रिपोर्टवर टीएसएच दिसत नाही. स्टेरॉइड नव्हतं. म्हणजे आज रात्रीची गोळी देऊ का नको?

लीड्सवाली
धापा, तहान, अस्वस्थपणा, भूक असून वजन उतरणं, ही सगळी औषध जास्त होत असल्याची लक्षणं आहेत. पुढच्या आठवड्याची वाट बघू नका. आजच फोन करून एवढंच सांगा आणि गोळीचं त्यांनाच विचारा. तुम्हाला नको असलेलं उत्तर आहे, पण दुसरं नाही. गोळी दिल्यावर ४ ते ६ तासांनी रक्त घेतलं तर डोस जास्त होतोय का ते कळतं. मुळात आजार आहे का हे बघायचं तर गोळी बंद होऊन ६-८ आठवडे गेल्यावरच नवी तपासणी कामाची.

खारी_बिस्कीट
आणि हृदयाचे ठोके मोजा. झोपलेला असताना, मांडीच्या आतल्या बाजूला बोटं ठेवून.

पुण्याची_माई
कोबी देत नाही ना त्याला?

मेलबर्नचा_मंग्या
नाही हो माई! फोन केला. आजची गोळी थांबवा, उद्या सकाळी आणा म्हणाले. ठोके मोजायला गेलो तर उठून उभाच राहिला. तोवर खाणं दुप्पटच ठेवू का?

लातूरचा_पाव्हणा
ठेवा. अवांतर: फोटू टाका की राव, आमच्या कारवानीशी ताडून बघतो.