हूपच्या अगदी नवख्या बॅचला सुरुवात कशापासून करून द्यायची?

रिंगवेडी:
नमस्कार मंडळी, मी चार वर्षं एरियल हूप (छताला टांगलेल्या धातूच्या रिंगेवरच्या कसरती) करतेय आणि आता पहिल्यांदाच बिगिनर्सची बॅच हातात आलीय. सहा जणी आहेत, कुणी याआधी कशालाच लटकलेलं नाही. पहिल्याच तासाला मी माउंट घेतला, म्हणजे खालचा बार धरायचा, पाय वर नेऊन गुडघे अडकवायचे आणि मग वर येऊन बसायचं, तर दोघींना जमलं आणि बाकीच्या चौघी पाय झोकून झोकून दमल्या. एकीच्या डोळ्यात पाणी आलं, म्हणाली माझ्या हातात जोरच नाहीये. मला फार लागलं ते, कारण चूक तिची नव्हती. क्रम कसा ठेवू? आणि हूप किती उंचीवर लावता?

खांदे_खाली:
जोर नसतो असं नाही गं, बहुतेक वेळा खांदे कामाला लागलेलेच नसतात. तिला नुसतं लटकायला सांग आणि बघ, खांदे कानाला चिकटलेले असतील आणि सगळं वजन सांध्यावर. आता कोपर अजिबात न वाकवता खांदे कानापासून खाली ओढायला सांग, शरीर जेमतेम दोन-तीन बोटं वर येतं, बस्स तेवढंच. पाय मॅटवर टेकवून पाच-सहा वेळा, मग पाय उचलून. हे आलं की गुडघे छातीशी घ्यायचे, सावकाश, आणि तितक्याच सावकाश खाली. झोका घेऊन वर जाणारीला मी थांबवते, कारण झोक्याने गेलेलं शरीर खाली येताना स्वतःला सांभाळू शकत नाही.

उंचीचं म्हणशील तर खालचा बार साधारण छातीपाशी. गुडघ्यांवर उलटं लटकल्यावर हात मॅटला टेकले पाहिजेत पण डोकं नाही. उंची माणसागणिक बदलते त्यामुळे दर वेळी बघायचं.

आणि माझं ठाम मत, उतरणं आधी शिकव! नी हँगमध्ये, म्हणजे गुडघ्यांवर उलटं लटकायला, जायच्या आधी बार परत कसा धरायचा, पाय एकेक करून कसे सोडायचे, हे तिने तोंडाने सांगितलं पाहिजे. उलटं झाल्यावर डावं-उजवं सुचत नाही, तेव्हा पाठ असलेलंच आठवतं. बार गुडघ्याच्या अगदी खाचेत, टाचा मांड्यांकडे ओढलेल्या. तू बाजूला उभी राहा, एक हात तिच्या नडग्यांवर दाबून आणि दुसरा पाठीमागे.

संथ_फिरकी:
वरचं सगळं पटलं, फक्त मी क्रम थोडा उलटा ठेवते. पहिल्या दिवशी हूप कमरेच्या उंचीला आणते आणि सगळ्यांना नुसतं मागे सरकून बसवते. माउंट न जमणारी पण त्या दिवशी हूपवर बसून जाते, याने किती फरक पडतो ते चेहऱ्यावर दिसतं. बसणं पण शिकवावं लागतं, बार मांड्यांच्या मध्यावर आला की मागे कलंडायला होतं, तो बैठकीच्या हाडांच्या जरा पुढे हवा. तिथून मॅन इन द मून, म्हणजे रिंगेच्या एका बाजूला पाठ टेकून बसायची पोज, एका हाताने, मग दुसऱ्या बाजूनेही. सुरुवातीला फिरवू नकोस, स्थिर हूपवर तोल कळला की मगच.

अजून एक, पकड आधी थकते आणि ते त्यांना कळत नाही. दोन-तीन प्रयत्न झाले की खाली उतरवते, बोटं झटकायला लावते. अंगठा बारभोवती हवाच. अंगठ्या, ब्रेसलेट काढायला लावायचे, आणि लेगिंग गुडघ्यामागचा भाग झाकणारी, नाहीतर चामडी सोलवटते. निळे डाग पडणार हे आधीच सांग, बिचाऱ्या घाबरतात. कॅराबिनरचं (हूप टांगायच्या कडीचं) लॉक आणि पट्टा तर मी प्रत्येक तासाआधी हाताने चाचपते, नुसतं बघून नाही.

रिंगवेडी:
दोघींचे खूप आभार. काल हूप खाली घेतला, सगळ्या बसल्या. ती रडलेली मुलगी खांदे खाली ओढायचं करत होती, चौथ्या वेळी पाय आपोआप मॅटवरून उचलले गेले तिचे, तिलाच कळलं नाही, मीच ओरडले. माउंट अजून दोन आठवडे तरी घेत नाही. पण एक विचारायचंय, ज्या दोघींना पहिल्याच दिवशी जमलं होतं त्यांना थांबवून ठेवलं तर कंटाळतील ना?

खांदे_खाली:
त्यांना तोच माउंट झोका न घेता करायला सांग, आणि खाली येताना पाच आकडे मोजत. मग दुसऱ्या बाजूने. महिनाभर पुरेल.