इंदूरची वाढती लोकसंख्या : दोन अपत्यांचा कायदा हवा की शहराच्या वाढीला मर्यादा हवी?

रामबागकर (धागाप्रवर्तक)

१९५१च्या जनगणनेत इंदूर शहराची लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी वर होती. २००१ मध्ये ती पावणेपंधरा लाखांच्या घरात गेली आणि २०११ मध्ये साडेएकोणीस लाखांच्या पुढे. त्यानंतर जनगणना झालेली नाही, पण सुपर कॉरिडॉरपासून राऊपर्यंत ज्या वेगाने कॉलन्या उभ्या राहिल्या आहेत, ते पाहून वाढ मंदावली असे कोणी म्हणणार नाही.

या वाढीचा खरा हिशेब पाण्यात दिसतो. १९३९ मध्ये गंभीर नदीवर यशवंत सागर बांधला गेला. काही दशकांतच तो अपुरा पडू लागला आणि १९७० मध्ये नर्मदेच्या पाण्यासाठी सारे शहर रस्त्यावर उतरले. त्या आंदोलनामुळे मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून, विंध्याचा चढ चढवून पाणी आणण्याची योजना झाली. पहिला टप्पा झाला, मग दुसरा, मग तिसरा. तरीही आज शहराच्या मोठ्या भागात नळ एक दिवसाआड येतो आणि उन्हाळ्यात बोरिंग आटले की टँकरची वाट पाहावी लागते. प्रत्येक टप्प्याचे पाणी वाढलेल्या माणसांनी पिऊन टाकले, हे मान्य करण्याचे धैर्य आपण दाखवले पाहिजे.

मध्य प्रदेशात २६ जानेवारी २००१ पासून तिसरे अपत्य झालेल्यांना सरकारी नोकरी आणि पंचायतीची निवडणूक यांसाठी अपात्र ठरवले गेले होते. त्यातली पंचायतीची अट २००५ मध्ये काढून टाकली. माझ्या मते ती काढायला नको होती, उलट महापालिका, सहकारी संस्था आणि सरकारी सवलती यांनाही लागू करायला हवी होती. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, तेव्हा त्यांना समाजाचा रोष सोसावा लागला. ज्या मराठी समाजाने हा विचार शंभर वर्षांपूर्वी ऐकला, त्याने आज त्याविषयी गप्प बसावे, हे मला पटत नाही. विरोधी मतेही सविस्तर मांडावीत, ही विनंती.

सुदामानगर

आपली पाण्याची चिंता शंभर टक्के खरी आहे, पण आपण सुचवलेला उपाय त्या रोगावरचा नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशाचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात होणारी सरासरी अपत्ये, २.० आहे, मध्य प्रदेशाचाही २.० आहे, आणि देशाच्या शहरी भागात तो १.६ पर्यंत उतरला आहे. लोकसंख्या पिढ्यान्‌पिढ्या स्थिर राहण्यासाठी हा दर साधारण २.१ लागतो. १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत आपल्या राज्यात तो ३.९ होता. म्हणजे एका पिढीत तो जवळपास निम्म्यावर आला. ज्या राज्यातले सरासरी जोडपे आजच दोन अपत्यांवर थांबते, तिथे दोन अपत्यांची सक्ती करून आपण कोणाला थांबवणार आहोत?

मग संख्या का वाढते, हा रास्त प्रश्न आहे. जननदर चारच्या जवळ असताना जन्मलेली मुले आज आई-वडील होण्याच्या वयात आहेत. प्रत्येक जोडप्याला दोनच मुले झाली तरी जोडपीच जास्त असल्यामुळे जन्म जास्त होतात, आणि माणसे पूर्वीपेक्षा अधिक जगत असल्यामुळे मृत्यू कमी होतात. ही गती आज कोणताही कायदा करून थांबणारी नाही, ती आपोआपच ओसरणार आहे. आणि इंदूरपुरते बोलायचे तर दोन कारणे याहून मोठी आहेत. धार, झाबुआ, खरगोन, खंडवा इथून आणि त्याहून लांबून कामासाठी व शिक्षणासाठी येणारी माणसे हे एक कारण. दुसरे म्हणजे शहराची स्वतःची पसरत जाणारी हद्द, कारण २०१४ मध्ये २९ गावे महापालिकेत आली, त्यांची माणसे त्या दिवशी जन्मलेली नव्हती.

कर्व्यांचे नाव आपण घेतले म्हणून एवढे सांगावेसे वाटते की त्यांनी लोकांना माहिती आणि साधने दिली. कोणावर अपात्रतेचा शिक्का मारावा, असा त्यांच्या कामाचा अर्थ लावता येणार नाही.

जुन्या इंदूरची

मी आरोग्य विभागात काम करून निवृत्त झाले आहे. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांचा कारभार मी जवळून पाहिला आहे, म्हणून या विषयावर लिहिताना मला आकड्यांआधी बायका आठवतात.

भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू केला. जगात असे सरकारी पाऊल प्रथम आपण टाकले, याचा मला अभिमान आहे. पण त्याच कार्यक्रमाने आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया केल्या आणि त्यात पुरुषांवर झालेली सक्ती लोक विसरले नाहीत. त्यानंतर सारा भार स्त्रियांकडे सरकला तो कायमचाच. आज कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे आकडे पाहिले तर देशात सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांच्या बाबतीत स्त्री नसबंदी हेच साधन आहे आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी धोक्याची, काही मिनिटांची असताना हे असे आहे. घरातल्या कर्त्या माणसाला "तुम्ही का नाही करून घेत?" असे विचारले की पहिले उत्तर सासूकडून यायचे, "त्याला कष्टाचे काम असते." सुनेला कष्ट नसतात, असे त्या घरात कोणी कधी म्हटले नव्हते, पण शिबिरात तीच यायची.

आता रामबागकर यांच्या कायद्याविषयी. मध्य प्रदेशाच्या माजी मुख्य सचिव निर्मला बुच यांनी पाच राज्यांत पंचायतींमधल्या दोन-अपत्य अटीचा अभ्यास केला होता. पद वाचवण्यासाठी पत्नीला सोडून देणे, मूल दुसऱ्याला देऊन टाकणे, गर्भपात करून घेणे असे प्रकार त्यात पुढे आले, आणि अपात्र ठरलेल्यांमध्ये दुबळ्या वर्गातली माणसे मोठ्या प्रमाणात होती. २००१ ते २०११ या दशकात आपल्या राज्यात शून्य ते सहा वयोगटातल्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या ९३२ वरून ९१८ वर आली. ही घसरण त्या एका अटीमुळेच झाली असे मी म्हणत नाही, कारणे बरीच आहेत. पण ज्या घराला मुलगा हवाच आहे, त्याला "दोनच" असे कायद्याने बजावले की दुसऱ्या वेळी त्या बाईच्या पोटात काय आहे याची चौकशी कशी सुरू होते, हे मी पाहिले आहे, आणि म्हणून या मागणीला माझा विरोध कधीच मवाळ होणार नाही.

मुलीचे शिक्षण बारावीपर्यंत टिकले, लग्न विशीनंतर झाले आणि दोन बाळंतपणांत अंतर ठेवायचे साधन तिच्या हाती आले, तर संख्या आपोआप कमी होते. केरळ आणि तमिळनाडू यांनी हे कोणताही दंड न लावता केले.

विजयनगर ७८

जननदराचा वाद बाजूला ठेवू. सुदामानगर यांनीच सांगितले की इंदूरची वाढ बाहेरून येणाऱ्यांमुळे होते, तर मग बाहेरून येणाऱ्यांवर नियंत्रण का नको? कर भरतो आम्ही आणि पाणी वाटून घेतो सारा प्रांत. शहराची सोय शहरवासीयांना आधी मिळावी, यात अन्याय काय आहे?

सुदामानगर

राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही जाण्याचा आणि राहण्याचा हक्क दिला आहे. आणि मराठी माणसाने हा मुद्दा इंदुरात मांडावा, याचे मला वाईट वाटते. मल्हाररावांच्या मागोमाग आपले पूर्वज माळव्यात आले, १८१८ मध्ये राजधानी इंदुरात आल्यावर आणखी कुटुंबे आली, पुढे गिरण्यांसाठी, दप्तरांसाठी, शाळांसाठी येतच राहिली. आपण इथले झालो ते कोणी फाटक लावले नव्हते म्हणून.

निवृत्त अभियंता, लोकमान्यनगर

माझे मत दोन्ही बाजूंना पूर्णपणे मानवणारे नाही. माणसांची संख्या गौण आहे असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, कारण नदी, तलाव आणि भूजल जननदर पाहत नाहीत, एकूण उपसा पाहतात. माळव्याच्या काळ्या खडकात पाणी साठायला जागाच मर्यादित असते. बोरिंग खोल नेले की पाणी वाढत नाही, शेजाऱ्याचे आधी संपते.

पण त्याच वेळी, एका माणसाचा भार दुसऱ्याइतका नसतो. महापालिकेच्या नळावर चार हंडे भरणारे घर आणि बागेसह गाडी धुणारा बंगला यांची जनगणनेत सारखीच नोंद होते. देशादेशांतही तेच आहे: भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, अमेरिकनामागे चौदा टनांच्या आसपास. म्हणून पर्यावरणाच्या ऱ्हासाचे खापर गरिबाच्या तिसऱ्या मुलावर फोडणे हिशेबाने चुकीचे आहे.

इंदूरने केलेले चांगले काम मी नाकारणार नाही. कचऱ्याचे वर्गीकरण घराघरांत रुजले, आणि २०२२ मध्ये देवगुराडियाजवळ रोज ५५० टन ओल्या कचऱ्यावर चालणारा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला. पाणी चढवण्याचा वीजखर्च इतका जड आहे की २०२३ मध्ये महापालिकेने हरित रोख्यांतून (पर्यावरणपूरक कामांसाठीच्या कर्जरोख्यांतून) २४४ कोटी रुपये उभारले, ते जलूदला सौर ऊर्जा प्रकल्प उभारण्यासाठी. हे सारे करूनही शहरातून वाहणाऱ्या कान्ह नदीचे सांडपाणी शिप्रेत जाते, आणि उज्जैनला शिप्रेत पाणी राहावे म्हणून २०१४ पासून तिच्यात नर्मदा सोडावी लागते. आपले घाण पाणी खाली जाते आणि दुसऱ्या खोऱ्यातले स्वच्छ पाणी वर आणावे लागते. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले, तरी त्यांच्या पाणलोट क्षेत्रात प्लॉट पाडण्याचा मोह कोणाला आवरत नाही.

रामबागकर

सर्वांचे प्रतिसाद मी लक्षपूर्वक वाचले. जुन्या इंदूरची यांनी सांगितलेल्या गोष्टी गंभीर आहेत आणि स्त्रियांवर त्याचा भार पडेल अशी कोणतीही अट मला नको आहे. तरीही "गती आपोआप ओसरेल" या भरवशावर राहणे मला धोक्याचे वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार भारताची लोकसंख्या २०६० नंतरच्या काही वर्षांत सुमारे १७० कोटींवर पोहोचून मग उतरू लागेल. म्हणजे अजून जवळपास चार दशके आपल्याला वाढत्या संख्येसाठीच पाणी, शाळा, रोजगार आणि जमीन शोधायची आहे. त्या चाळीस वर्षांत जे तलाव बुजतील, ते लोकसंख्या उतरू लागल्यावर परत येणार नाहीत. म्हणून छोट्या कुटुंबाचा आग्रह सरकारने आणि समाजाने उघडपणे धरला पाहिजे, त्यात पुरुष नसबंदीला पहिले स्थान दिले पाहिजे, आणि सरकारी नोकरीतली अट कायम राहिली पाहिजे. नोकरी मागणारा सज्ञान असतो, त्याच्याकडून ही अपेक्षा करणे अन्याय नाही.

जुन्या इंदूरची

पुरुष नसबंदीबाबत आपण सोबत आहोत. नोकरीच्या अटीबाबत नाही, कारण तीही शेवटी घरातल्या बाईच्याच पोटावर अंमलात येते.

निवृत्त अभियंता, लोकमान्यनगर

यापुढची चर्चा विकास आराखड्याकडे न्यावी, अशी माझी सूचना आहे. शहराचा २००८ मध्ये लागू झालेला आराखडा २०२१ पर्यंतचा होता. नव्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होईल तेव्हा त्यावर नागरिकांना हरकती नोंदवता येतात. तिथे एकच मागणी लेखी द्यावी: कोणत्याही नव्या कॉलनीला परवानगी देण्यापूर्वी तिच्यासाठी नर्मदेचे किती पाणी राखून ठेवले आहे आणि तिचे सांडपाणी कोणत्या प्रक्रिया केंद्रात जाणार आहे, हे आकड्यांत जाहीर केले जावे. रामबाग, सुदामानगर आणि लोकमान्यनगर इथले जे रहिवासी सही करण्यास तयार असतील, त्यांनी इथेच कळवावे. मजकूर मी तयार करून देतो.