दहा-बारा हजारांत जंगलासाठी दुर्बीण : ८×४२ की १०×५०?

माळटिटवी :
दुर्बीण घ्यायची आहे. बजेट दहा-बारा हजार, फारच ताणलं तर चौदा. वापर तीन ठिकाणी : ताडोब्यात पहाटेच्या सफारीला जिप्सीतून, भिगवणला होडीतून, आणि इंदापूरजवळ कडबनवाडीच्या माळावर लांडगा, खोकड आणि भोवत्या हा शिकारी पक्षी बघायला. ऑनलाइन '४०×६०' अठराशेला दिसतेय, दुकानदार १०×५० घ्या म्हणतो, आणि परदेशी साइटवर 'हंटिंग'साठी सुचवलेल्या जवळपास सगळ्या १०×४२ असतात. जितकं मोठं दिसेल तितकं चांगलं, असंच ना? आणि मध्येच बाक घेतलेल्या रुंद घडणीची पोरो घ्यावी की सरळ नळ्यांची रूफ?

रानपिंगळा :
तसं नाही. पहिला आकडा किती पट, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा, डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ८×४२ ला ५.२५ मिमी, १०×४२ ला ४.२, १०×५० ला ५. अंधारात तरुण माणसाची बाहुली ७ मिमीपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर साधारण पाचच. पहाटे सहा-साडेसहाला बांबूच्या गचपणात बसलेलं जनावर शोधताना ५.२५ आणि ४.२ यातला फरक सरळ दिसतो. भर दुपारी काहीच फरक नाही, कारण तेव्हा बाहुलीच दोन-तीन मिमीवर आलेली असते.

१०×५० उजेडाला ठीक आहे, पण त्या बहुतेक ८५०-९०० ग्रॅमच्या असतात आणि हाताची थरथरही दहापट दिसते. होडीत तर आठच्या वर जाऊच नका. जिप्सीत चालकाला इंजिन बंद करायला सांगा, आणि कोपरं गाडीच्या दांड्यावर टेकवण्याऐवजी स्वतःच्या बरगड्यांना लावा. इंजिन चालू असेल तर दांडा सगळा कंप दुर्बिणीत पोचवतो.

माळावर १० पट घ्यावीशी वाटेल, कारण अंतरं मोठी. पण ऊन चढलं की जमिनीवरून झळा उठतात आणि दुर्बीण त्या झळाही तितक्याच मोठ्या करून दाखवते. सकाळी नऊ-दहानंतर तिथे ८ आणि १० मध्ये लांडग्याचे कान काही वेगळे दिसत नाहीत. उलट उडणारा भोवत्या पकडायला रुंद दृश्य लागतं. डब्यावर अंश दिलेले असतात, त्यांना १७.५ ने गुणा : १००० मीटरवर किती मीटर रुंदी दिसते ते कळेल. ८.२ अंश म्हणजे १४३ मीटर, ६.५ अंश म्हणजे जेमतेम ११४.

'हंटिंग'चं म्हणाल, तर अमेरिकेतल्या पश्चिमेकडच्या डोंगरांत शिकारी एका जागी बसून समोरचा उतार तासन्‌तास चाळतात, पुष्कळदा तिकाटण्यावर दुर्बीण लावून. त्यांना १०×४२ सोयीची. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही, त्यामुळे डब्यावरचा तो शब्द म्हणजे फार तर बाहेरून हिरवट रबराचं आवरण. त्यासाठी जादा पैसे देऊ नका.

मॉडेल : निकॉन अॅक्युलॉन ए२११ ८×४२ किंवा ऑलिंपस ८×४० डीपीएस आय. दोन्ही पोरो. या पैशात पोरोचं चित्र त्याच किमतीच्या रूफपेक्षा सहसा सरस असतं. पोरोच्या प्रिझममध्ये (चित्र सुलटं करणाऱ्या आतल्या काचेच्या ठोकळ्यात) प्रकाश आपोआप पूर्ण परावर्तित होतो. रूफच्या एका पृष्ठभागावर सहसा आरशाचा थर द्यावा लागतो, शिवाय फेज कोटिंग, म्हणजे चित्राचा रेखीवपणा राखणारा थर. ही दोन्ही कामं महाग, म्हणून स्वस्त रूफमध्ये हात आखडतात तो नेमका तिथेच.

प्रिझमवाला :
त्या अठराशेच्या '४०×६०' ची तपासणी दुकानातच होते, पट्टी न्या. दुर्बीण आभाळाकडे धरून डोळ्यापासून फूटभर लांब ठेवा, आयपीसमध्ये (डोळ्याकडच्या काचेत) उजेडाची चकती दिसेल. आयपीसमागे ट्रेसिंग पेपर धरून तिचा व्यास मोजा, मग पुढच्या काचेचा मोजा आणि भागा. खरी ४०×६० असेल तर चकती दीडच मिलिमीटरची हवी. निघते चार-पाच मिलिमीटरची, आणि पुढची काच चाळीसच्या आतबाहेर. म्हणजे पट आठ-दहाच, आत झाकण-रिंग टाकून काच अडवली असेल तर त्याहूनही कमी. तांबूस आरशासारख्या चमकणाऱ्या काचा आणि झूम, दोन्ही टाळा. लाल थर लाल उजेड परत फेकतो, म्हणून चित्र हिरवट येतं. झूममध्ये दोन्ही बाजूंची पट एकसारखी सरकत नाही, आणि कमी पटीला दृश्य नळीतून बघितल्यासारखं अरुंद होतं.

तीच चकती प्रिझमचंही सांगते. कडेपर्यंत गोल आणि एकसारखी उजळ असेल तर काच बहुधा बीएके-४, म्हणजे सरस जातीची. कडा करड्या कापल्यासारख्या, चौकोनाकडे झुकलेल्या दिसल्या तर बीके-७, म्हणजे स्वस्तातली.

कोटिंगचे शब्द नीट वाचा. 'कोटेड' म्हणजे एखाद-दुसऱ्या काचेवर एक थर. 'फुली मल्टिकोटेड' असेल तरच हवेला लागणाऱ्या प्रत्येक पृष्ठभागावर अनेक थर. थर नसलेला प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो, आणि दुर्बिणीच्या एका नळीत असे दहा-बारा पृष्ठभाग सहज असतात.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी दोन्ही नळ्या समांतर आहेत का, ही. लांबची विजेची तार किंवा गच्चीचा कठडा फोकस करा, मग दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून १०-१५ सेंमी मागे घ्या. दोन्ही वर्तुळांत तार एकाच उंचीवर राहिली पाहिजे. पायरी पडली तर परत करा. पाच मिनिटं डोळे ते सांभाळून घेतात, म्हणून काउंटरवर कळत नाही आणि जंगलात अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं.

खंड्या :
दोन गोष्टी राहिल्या. वर सुचवलेल्या दोन्ही पोरो जलरोधक नाहीत. फोकसचं चाक फिरवलं की दोन्ही आयपीस जोडणारा पूल बाहेर-आत सरकतो आणि त्याबरोबर हवा, धूळ, ओल आत ओढली जाते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसात फिरणार असाल तर विचार करा. दुसरं, तुम्हाला चष्मा आहे का? या दोघींचा आय रिलीफ (डोळा आयपीसपासून किती दूर ठेवून पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर) १२ मिमी आहे. चष्मा लावून बघितलं तर दृश्याची कड कापली जाते, मग रुंद दृश्याचं कौतुक करून उपयोग काय!

माळटिटवी :
चष्मा आहे. उजव्या डोळ्याला सिलिंडर (अॅस्टिग्मॅटिझमचा नंबर) १.७५. काढून बघितलं तर?

रानपिंगळा :
मग मी माझी शिफारस बदलतो. नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असता तर चष्मा काढून चाललं असतं, फोकस ते भरून काढतं. सिलिंडर फोकसने भरून निघत नाही. १.७५ ला चष्मा ठेवावाच लागेल, आणि त्यासाठी आय रिलीफ किमान १६ मिमी हवा.

निकॉन प्रोस्टाफ पी३ ८×४२ बघा : रूफ, आय रिलीफ २० च्या आसपास, दृश्य ७.२ अंश, वजन साडेपाचशे-पावणेसहाशे ग्रॅम, नायट्रोजन भरलेली आणि जलरोधक. जवळचा फोकस ३ मीटर, म्हणजे फुलपाखरंही बघता येतील. अॅक्युलॉनपेक्षा दृश्य थोडं अरुंद, पण तुम्हाला पूर्ण दिसेल. हिच्याच १०×४२ मध्ये आय रिलीफ बराच कमी आहे, चुकून ती उचलू नका. निकॉनच्याच मोनार्क एम५ ची काच ईडी (कडांना रंग कमी दिसू देणारी), फेज आणि डायइलेक्ट्रिक (प्रिझमवर जास्त प्रकाश परावर्तित करणाऱ्या) कोटिंगसकट, पण ती तुमच्या बजेटच्या बरीच बाहेर.

चष्मा लावून बघताना आयकप (आयपीसभोवतीचं रबरी कडं) पूर्ण खाली फिरवा. काळी सावली नाचायला लागली तर एक टप्पा वर.

प्रिझमवाला :
सहमत. आणल्यावर डायॉप्टर (दोन डोळ्यांतला फरक जुळवणारी कडी) एकदाच नीट लावा, चष्म्यासकट. उजवी पुढची काच झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला लांबची पाटी स्वच्छ करा. मग डावी झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या आयपीसची कडी फिरवून तीच पाटी स्वच्छ करा. कडी कुठे थांबली ती खूण ध्यानात ठेवा.

माळावरची धूळ शर्टाने पुसू नका, आधी फुंकणीने उडवा, मग मऊ ब्रश, शेवटी मायक्रोफायबर. जुलै ते सप्टेंबर ताडोब्याचा गाभा बंद असतो, दुर्बीण कपाटात पडते आणि बुरशी तेव्हाच धरते. कातडी किंवा कापडी पाऊचमध्ये ठेवू नका, ते ओल धरून ठेवतात. घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा, आत रंग बदलणारं सिलिका जेल, आणि अगदी स्वस्तातला नव्हे, बऱ्यापैकी आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत असू द्या. निळे दाणे गुलाबी झाले किंवा केशरी दाणे हिरवे झाले की मंद आचेवर तव्यात परतून, गार करून परत डब्यात. नायट्रोजन भरलेल्या दुर्बिणीलाही बाहेरून काचेवर बुरशी येते, तेव्हा पी३ घेतली तरी डबा लागेलच.